केसभर घट्ट

देऊळगाव राजात फवारणीचा पंप गळायला लागला की माणसं कंपनीच्या दुकानाची पायरी चढत नसत, सरळ गुलाम रसूलच्या शेडवर येत. कंपनीचा वॉशर एक हंगाम टिकायचा आणि गुलाम रसूलचा तीन, हे तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगायचं. यात जादू काही नव्हती. कंपनीच्या मापापेक्षा तो आपला पार्ट केसभर मोठा ठेवायचा, एवढंच. "बसवताना गिऱ्हाइकानं दोन शिव्या देल्या तरी चालते," तो म्हणायचा, "पण एकदा बसला का हालला नाई पाह्यजे. ढिल्ला पार्ट अन् ढिल्ली जबान, दोन्ही सारखेच."

असले पार्ट करणारे बाकीचे लोक कंपनीचं नाव चोरून छापत. गुलाम रसूल स्वतःची खूण उमटवायचा, नखाएवढी चंद्रकोर. फसलेला पार्ट घेऊन कुणी दारात आलं, तर एका शब्दानं न विचारता बदलून द्यायचा आणि फसलेला उजेडात धरून बराच वेळ बघत बसायचा. त्याचा आणखी एक नेम होता. एकाच कंपनीच्या पंपावर पोट ठेवायचं नाही. तीन-चार कंपन्यांचे पार्ट करायचे, म्हणजे एकीनं पंप बदलला तरी आपली चूल पेटती राहते. त्याच्या मुलानं, आसिफनं, बापाचं सगळं उचललं. हा शेवटचा नेम तेवढा उचलला नाही.

आसिफ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्याला गेला होता. तिथं तो दवाखान्यातली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करत फिरायचा. ही यंत्रं जुनी पण धडधाकट, आणि लॅपटॉपशी बोलायची ती नऊ पिनांच्या जुन्या पोर्टातून. नव्या लॅपटॉपांना तो पोर्ट राहिलेलाच नाही. मग वायरी आल्या, जोडण्या आल्या, आणि ऐन कामाच्या वेळी निसटणारं टोक आलं. अशात एका परदेशी कंपनीनं सुटे भाग बदलता येणारा लॅपटॉप काढला. त्याच्या दोन्ही बाजूंना खोबणी होत्या. ज्याला जे हवं त्यानं त्याची डबी त्या खोबणीत सरकवायची, नको झाली की काढायची. त्या डबीला ते लोक मॉड्यूल म्हणत. कंपनीनं खोबणीची मापं जगजाहीर केली आणि सांगितलं, कुणीही करा, चांगली असली तर आमच्या ऑनलाइन दुकानात मांडू. आसिफच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नऊ पिनांची डबी करायची. अशी डबी लागणारे कारागीर एकेका देशात मूठभर असतील, पण देश काय कमी आहेत?

नोकरी सोडून तो गावी आला आणि शेडमध्ये बापापुढं लॅपटॉप ठेवून त्यानं सगळं समजावून सांगितलं. घरात ही मंडळी उर्दू बोलायची, पण शेडच्या उंबऱ्याच्या आत गुलाम रसूल दुसरी भाषा चालू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला आपलं बोलणं कळलं पाहिजे, असा त्याचा हट्ट.

"ही डबी दुसऱ्या लॅपटॉपात बसते का?" त्यानं विचारलं.

"नाई अब्बा. याच कंपनीच्या."

"अन् इकायची कुठी?"

"त्याईच्याच दुकानात. दुसरीकडं कोण पाह्यते आपल्याले?"

"म्हंजे खोबण त्याईची, दुकानबी त्याईचं. उद्या त्याईनं दार लावलं तं?"

"काऊन लावतीन? आपल्यासारख्याईच्या डब्याईनंच तं त्याईचा लॅपटॉप चालते."

दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणाऱ्यांचे हाल गुलाम रसूलनं जन्मभर पाहिले होते. पण पोरगा पुणं सोडून घरी आला होता, आणि बॅटरीच्या पंपांनी वॉशरचा धंदा तसाही अर्ध्यावर आणला होता. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "डाय मी करतो."

डाय म्हणजे साचा. पोलादाच्या ठोकळ्यात डबीचा पोकळ आकार कोरायचा आणि त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबायचं. संगणकावर डाय कापून देणारे लोक जालन्याला आहेत, पण गुलाम रसूलनं त्यांचं नावही काढू दिलं नाही. सत्तरीला टेकलेला माणूस पावसाळाभर त्या ठोकळ्यावर वाकून होता. उजवा हात अलीकडं थरथरायला लागला होता. कुणी बघतंय असं वाटलं की तो हात पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. तरी डाय झाली, आणि तिच्या आतल्या भिंतीवर चंद्रकोरही उमटली. त्या दिवशी त्यानं बायकोला, नूरबीला, शेवया करायला लावल्या आणि शेडमधल्या बायांना स्वतःच्या हातानं वाढल्या.

शेडमधली सगळ्यांत जुनी बाई छाया. आसिफ शाळेत जायचा तेव्हापासून ती इथं कामाला होती, आणि तयार माल तपासायचं काम तिचं. पहिली डबी तिनं लॅपटॉपाच्या खोबणीत सरकवली आणि तिच्या अंगठ्याला कळायचं ते कळलं. डबी जात होती, पण अंगठा रुतवून. चाचांनी, म्हणजे गुलाम रसूलनं, सवयीनं केसभर जास्त ठेवलं होतं. पंपाचा वॉशर एकदा बसवला की विसरून जायचा असतो. ही डबी दिवसातून चारदा काढायची-घालायची, आणि वर लॅपटॉप तापणार. छायानं आसिफला बाहेर बोलावलं.

"आसिफ, डबी घट्ट हाय रे. चाचाले सांग. थे दोन दिवसात डाय दुरुस्त करतीन."

आसिफ सांगायच्या तयारीनंच आत गेला. गुलाम रसूल डायला तेल लावत बसला होता, तान्ह्या लेकराला लावतात तसं, कानाकोपऱ्यातून. "पाह्य," तो मान वर न करता म्हणाला, "कोन्या मोठ्या मशीनचा हात नाई लागला याले. माह्याच हाताचं हाय." उजवा हात फडक्यात होता. आसिफ थोडा वेळ उभा राहिला आणि आला तसा परत गेला. छायानं त्याचं तोंड पाहिलं. तिला विचारायची गरज पडली नाही.

"राहू दे मंग," ती म्हणाली. "मी घासून घेत जाईन. दोन्ही बाजूनं कानशीचे दोन हात मारले का बसते बराबर."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ दोघांनी मिळून झाकली. त्यांच्या मनात पाप नव्हतं, म्हाताऱ्याचा लिहाज होता. पण लिहाज आणि लपवाछपवी यांच्या घरांची भिंत एकच असते, आणि कुठल्या घरात आपण बसलोय हे बसणाऱ्यालाही कळत नाही. कंपनीला मंजुरीसाठी जो नमुना गेला, तो छायानं घासलेला होता. कंपनी खूश झाली. डबी दुकानात लागली.

वर्ष चांगलं गेलं. कुठल्या कुठल्या देशांतले यंत्र दुरुस्त करणारे लोक डबी मागवत आणि चार चांगले शब्द लिहीत. आसिफ ते शब्द बापाला मराठीत वाचून दाखवायचा. शेडमध्ये बाया वाढल्या. छाया खिडकीपाशी बसून कानस चालवायची आणि तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत काळी भुकटी साचायची. एकदा गुलाम रसूल तिच्यापाशी थांबला.

"हे काय करून राह्यली वं?"

"कडा साफ करते, चाचा."

"कर. कडा साफच पाह्यजे." तो समाधानानं पुढं गेला. छायानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मग मोठी मागणी आली. कंपनीनं आपल्या गोदामात ठेवायला एकदम मोठा माल मागवला. असं नशीब एकदाच दार ठोठावतं, म्हणून आसिफनं रात्रीचा दिवस केला. नेमकं त्याच वेळी छायाच्या लेकीचं बाळंतपण आलं, तिकडं बीबी गावाला. लेकीच्या सासरी करणारं कुणी नव्हतं. छायाला जाणं भागच होतं. जाताना तिनं आपली कानस सुवर्णाच्या हातात दिली. सुवर्णा नवी पोर, हुशार. छाया तिला म्हणाली, "हरेक डबीच्या कडा साफ करजो." का, ते सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चाचांची चूक नव्या पोरीच्या तोंडी द्यायची, आणि ती शेडभर व्हायची. सुवर्णानं डब्या उलटसुलट करून पाहिल्या. कडा साफच होत्या. घाईच्या दिवसांत साफ असलेली गोष्ट कोण घासत बसणार? आसिफ खोक्यांसाठी जालन्याच्या खेपा करत होता. छायानं सगळं नीट समजावून दिलंय, असं तो धरून चालला. माल गेला.

महिना उलटतो न उलटतो तोच तक्रारी सुरू झाल्या. डबी बसते, पण निघत नाही. लॅपटॉप तापला की आतच धरून ठेवते. एकानं पक्कड लावून ओढली, तर लॅपटॉपाच्या आतली जोडणीच उचकटून आली. कंपनीनं डबी दुकानातून तात्पुरती काढली आणि आसिफला सरळ शब्दांत लिहिलं: दोष नेमका कशात आहे ते कळवा, सुधारलेला नमुना पाठवा, महिन्याची मुदत आहे. उत्तर पटलं नाही तर डबी कायमची निघेल.

आसिफला दोष शोधावा लागलाच नाही. एक ओळ लिहायची होती, आमच्या साच्यातून डबी केसभर घट्ट निघते. पण ती लिहिली की साचा सुधारावा लागणार, आणि साचा सुधारायचा म्हणजे बापाला सांगावं लागणार. एका बाजूला शेड होती, तिच्यात राबणाऱ्या बाया होत्या, पुण्याची सोडलेली नोकरी होती. ही डबी त्या एका खोबणीतच बसायची. तिथून उठवली तर सगळ्या जगात तिला दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला एक हात होता. आसिफला त्या हाताची भीती वाटली, हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं त्यानं पुढं केलं. त्यानं लिहिलं की या खेपेचं प्लास्टिक हलकं निघालं, ते उष्णतेनं फुगतं, आता दुसऱ्याकडून घेतो आहोत.

बीबीहून परतलेल्या छायानं नव्या नमुन्याला कानस लावली. लावता लावता म्हणाली, "आसिफ, आता तरी चाचाले सांग बाप्पा."

"सांगतो ताई. हे एवढं निपटू द्या."

ते निपटलं, पण त्याला हवं तसं नाही. कंपनीच्या लोकांनी परत आलेल्या डब्यांचं प्लास्टिक तपासलं. ते उत्तम होतं. सुधारलेला नमुना भिंगाखाली धरला. त्याच्या दोन्ही बाजूंना कानशीच्या रेघा होत्या, आणि साचा तोच होता. उत्तर चार ओळींचं आलं, अगदी सभ्य. तुम्ही दिलेलं कारण खरं नाही. चूक कुणाचीही होते; पण जो करणारा आपली चूक सांगत नाही, त्याची वस्तू आम्ही आमच्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. आसिफनं त्याच दिवशी सगळं खरंखरं लिहून पाठवलं. निर्णय बदलला नाही.

तरीही त्यानं बापाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यालाही माहीत होतं. एका दुपारी परत आलेल्या मालाची खोकी टेम्पोतून शेडच्या दारात उतरली, आणि आसिफ पुढं व्हायच्या आधी गुलाम रसूल उठला. दारात परत आलेला पार्ट त्यानं जन्मात दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नव्हता.

त्यानं खोकं फोडलं. एक डबी काढली, चंद्रकोर पाहिली, उजेडात धरली. मग जाऊन तपासणीच्या लॅपटॉपात सरकवली. लॅपटॉप सकाळपासून चालू होता, चांगला तापलेला. डबी गेली. काढायला गेला तर निघेना. दोन्ही हात लावावे लागले. शेडमधल्या सगळ्या बायांनी हातातली कामं थांबवली. शेवटी डबी निघाली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

त्यानं छायाच्या ताटातली घासलेली डबी उचलली आणि तिच्या बाजूवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"हे कोनं घासलं?"

"मी, चाचा."

"कव्हापासून?"

छायानं आसिफकडं पाहिलं. आसिफ जमिनीकडं बघत होता. "पयल्या दिसापासून," ती म्हणाली.

"तू तं कडा साफ करते म्हनत होती."

"हाव."

मग आसिफनं सगळं सांगितलं. कंपनीची पत्रं, मुदत, प्लास्टिकची सबब, बंद झालेलं दार, काहीच गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "तुमाले वाईट वाटंल म्हनून, अब्बा. तुमच्या हातावर येऊ नाई म्हनून."

गुलाम रसूल स्टुलावर बसला. तो ओरडला असता तर आसिफला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही.

"चाळीस वर्सं लोकं माह्या दारात येऊन राह्यले," तो म्हणाला. "गुलामभाई, तुमचा पार्ट फसला. मले कव्हा वाईट नाई वाटलं. फसलेला पाहून पाहूनच मी पुढचा शिकलो. मले दुसरं कोनं शिकवलं? अन् तुमी दोघाईनं मले वरीसभर शिकू नाई देलं."

त्यानं हातातली घासलेली डबी उलटी करून पाहिली.

"मानूस म्हतारा कव्हा होते, मालूम हाय का तुले? हात कापाले लागला तव्हा नाई होत. लोकं त्याले त्याची चूक सांगनं सोडतेत, तव्हा होते." त्यानं डबी ताटात ठेवली. "शेड जाईन तं जाईन. खोबण आपली नोहतीच. पन खोटं बोलला तू, माह्या चंद्रकोरीखाली."

आसिफ रडला. पुण्यातल्या खोलीत एकट्यानं आजारी पडला होता तेव्हाही तो असा रडला नव्हता. बाप उठला, त्याच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबला आणि तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या तेव्हा डाय उघडून टेबलावर ठेवलेली होती आणि गुलाम रसूल तिच्या दोन अर्ध्यांच्या जुळणाऱ्या तोंडांवर घासायचा दगड फिरवत होता, म्हणजे आतली पोकळी केसभर आवळेल. काम आता राहणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. सुवर्णानं चिखलीकडं चौकशी चालवली होती. आसिफनं पुण्याच्या जुन्या साहेबांना फोन लावला होता आणि ते विचार करून सांगतो म्हणाले होते. म्हाताऱ्यानं कशालाच हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाला, "ज्याईचे ज्याईचे फसले, त्याईचे पत्ते काढून ठेव. दुकान असो का नसो, त्याईले नवी डबी जाईन."

डाय दुरुस्त करायला त्याला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी छाया म्हणाली होती, तेवढेच.

तिसऱ्या दिवशी त्यानं पहिली डबी काढली, थंड होऊ दिली आणि स्वतः छायापाशी घेऊन आला. शेडमध्ये आता तीच एक उरली होती. "पाह्य," तो म्हणाला.

छायानं डबी खोबणीत सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. आधीपेक्षा कितीतरी सैल झाली होती. पण शेवटच्या टोकाला अजून जराशी धरत होती. कानशीचा एक हात मारला असता तर भागलं असतं, आणि कानस तिच्या हाताशीच पडली होती. बराबर हाय चाचा, हे शब्द इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या ओठांवर आले. तिनं ते गिळले.

"अजून घट्ट हाय, चाचा," ती म्हणाली. "टोकापाशी."

गुलाम रसूलनं मान हलवली आणि डबी परत घ्यायला उजवा हात पुढं केला. हात थरथरत होता. फडकं टेबलावरच पडलेलं होतं.